टॉर्च धरणारे हात

आदरणीय मॅडम,

मी बीएएमएस आहे. सहा वर्षं १०८ च्या रुग्णवाहिकेवर ड्युटी करतो. मुंबई-गोवा महामार्गावर एका घाटाच्या पायथ्याशी आमची गाडी उभी असते. गाडीवर मी आणि पायलट, म्हणजे गाडीचा चालक, दोघंच. गेल्या महिन्यात रात्री पावणेअकराला कॉल आला. दुचाकी आणि टेम्पो. एकोणीस वर्षांचा मुलगा, गुडघ्याच्या जरा वर हाड बाहेर आलेलं, खाली रक्ताचं थारोळं. शुद्धीवर होता, बोलत होता. मी गॉझचे गठ्ठे ठेवून पट्टी बांधली आणि शीर शोधायला बसलो. पायलट मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता. तीनदा सुई हुकली, चौथ्यांदा लागली. सलाइन सुरू करून निघालो. नंतर हिशेब केला तर जागेवरच १८ मिनिटं गेली होती, त्यातली १२ शीर शोधण्यात. जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे ना सर्जन, ना रक्त. पुढे पाठवलं. पहाटे मुलगा गेला. कॅज्युअल्टीतले मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "एटीएलएस येत नाही, तर गाडीवर बसता कशाला?"

एटीएलएस, म्हणजे गंभीर जखमींवरच्या उपचारांचा डॉक्टरांसाठीचा कोर्स, करावा असं मनात आहे. फी जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी आहे. बायको म्हणते, ही नोकरीच सोडा. आणि त्या मुलाच्या आईवडिलांना भेटावं असं रोज वाटतं, पण पाय उचलत नाही. काय करू?

एक डॉक्टर, कोकण

प्रिय डॉक्टर,

आधी कोर्सचं सांगते, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे. एटीएलएस आत्ता करू नका. शिकायचं तर आहेच, पण वेगळं शिकायचं आहे, आणि एकट्याने शिकायचं नाही.

मी बावीस वर्षं जिल्ह्याच्या रुग्णालयात सर्जन म्हणून काढली. तुम्ही आणलेला जखमी ज्या दारातून आत येतो, त्या दाराच्या आत मी उभी असायचे. नंतरची काही वर्षं गाडीवरच्या लोकांना शिकवण्यात गेली. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना माझी नजर १२ मिनिटांवर गेलीच, पण खिळून राहिली ती दुसऱ्याच वाक्यावर. पायलट मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता.

त्या रात्री त्या रस्त्यावर चार हात होते. तुमचे दोन हात शिरेच्या मागे होते आणि उरलेले दोन उजेड धरायला लागले. जखमेवर एकही हात नव्हता. चूक शोधायचीच असेल तर ती इथे आहे, आणि ती तुमच्या एकट्याची नाही. त्या पायलटला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की त्याचे हात जीव वाचवू शकतात.

एटीएलएस आला कुठून ते सांगते. ती गोष्ट रस्त्यावरच्या माणसाची आहे. जेम्स स्टायनर हे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातले हाडांचे सर्जन. फेब्रुवारी १९७६ मध्ये ते स्वतः चालवत असलेलं छोटं विमान रात्री शेतात कोसळलं. पत्नी गेली. बरोबरच्या चार मुलांपैकी तिघं गंभीर जखमी होती. रस्त्यावरून जाणारी गाडी थांबवून त्यांनी मुलांना जवळच्या गावातल्या लहानशा रुग्णालयात नेलं, आणि तिथे त्यांना दिसलं की आधी काय करायचं आणि मग काय, हेच कोणाला ठाऊक नाही. माणसं वाईट नव्हती. त्यांना क्रम शिकवलेला नव्हता. त्यातून १९७८ मध्ये नेब्रास्कातल्याच ऑबर्न या गावी पहिला कोर्स झाला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. म्हणजे ज्या कोर्सच्या नावाने तुम्हाला चारचौघांत सुनावलं गेलं, तो मुळात खेड्यातल्या डॉक्टरला हात देण्यासाठी जन्माला आला. त्याचा असा वापर झालेला पाहून मला फार वाईट वाटलं.

तरीही तो तुमच्यासाठी नाही म्हणते, कारण त्यात डॉक्टर रुग्णालयात उभा आहे असं धरलेलं असतं. हाताशी एक्स-रे आहे, छातीत नळी घालायचं सामान आहे, फोन केला की रक्त येतं, दोन नर्स शेजारी आहेत. तुमच्याकडे पाऊस, उतार, अंधार आणि एक पायलट. गाडीवरच्यांसाठी पीएचटीएलएस आणि आयटीएलएस असे दोन कोर्स वेगळे बनवलेले आहेत आणि ते भारतातही होतात. दोन-अडीच दिवसांचं काम असतं, त्यात पॅरामेडिक, नर्स आणि डॉक्टर एकाच जमिनीवर गुडघे टेकून बसतात. यातला एक करा. कोणत्याही कोर्सची फी भरण्याआधी तुमची पदवी त्यांच्या पात्रतेत बसते ना, हे लेखी विचारून घ्या. माझ्या ओळखीच्या दोघांना पैसे भरल्यावर नुसतं मागे बसून ऐकायची परवानगी मिळाली होती.

आता एक गोष्ट अशी सांगते की तुम्ही दचकाल. रुग्णवाहिकेवरच्या लोकांना प्रगत ट्रॉमा प्रशिक्षण दिल्याने जखमी जास्त वाचतात का, या नेमक्या प्रश्नावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने आढावा घेतला. फायदा सिद्ध झाल्याचं त्यात आढळलं नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात तर फार काळजीपूर्वक मोजणी झाली. २,८६७ गंभीर जखमी, आधी साध्या सेवेच्या काळातले आणि मग प्रगत सेवा सुरू झाल्यानंतरचे. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. वाचण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास तेच, ८१ टक्क्यांच्या आसपास. आणि ज्यांची शुद्ध हरपली होती, शुद्धीची पातळी मोजणारा जीसीएस हा आकडा ९ च्या खाली होता, त्यांच्यात तर ते प्रगत सेवेच्या काळात ६० वरून ५१ टक्क्यांवर उतरलं.

असं का व्हावं? नळ्या घालण्यात आणि सुया लावण्यात मिनिटं जातात, हा संशय सगळ्यांनाच आहे. तुम्ही १२ मिनिटं शीर शोधलीत तेव्हा तुमच्या हातून घडलं ते जगभरच्या चांगल्या, तळमळीच्या लोकांकडून घडत आलेलं आहे. काहीतरी 'मोठं' करावं असं डॉक्टरला वाटतंच. मला अजूनही वाटतं.

पण याच्या उलट बाजूला एक काम आहे आणि ते मी गाडीवरच्या प्रत्येक तुकडीला सांगते. उत्तर इराक आणि कंबोडिया. जमिनीत सुरुंग पेरलेले, रुग्णालय कित्येक तासांवर. नॉर्वेचे सर्जन हान्स हुसुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ ते २००१ या काळात तिथले १३५ स्थानिक आरोग्य कर्मचारी आणि ५,२०० साधे गावकरी तयार केले. गावकऱ्यांना शिकवलं ते अगदी मुळातलं: रक्त दाबून धरा, श्वासाचा मार्ग मोकळा ठेवा, माणूस गार पडू देऊ नका. जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. तुमचा घाट ऑन्टारिओपेक्षा कंबोडियाला जवळचा आहे, डॉक्टर. अंतर लांब, रुग्णालयं विरळ, आणि पहिला हात लावणारा माणूस बहुतेक वेळा धाब्यावरचा पोऱ्या किंवा रिक्षावाला.

म्हणून माझा सल्ला असा: कोर्सला जाल तेव्हा पायलटला बरोबर न्या. कोर्स पायलटला घेत नसेल तर तुम्ही शिकून या आणि दुसऱ्याच दिवशी त्याला शिकवा. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ प्रगत आणि ७०४ साध्या, आणि आपल्याकडे गाडीवर डॉक्टर बसवला गेला. ही आपली जमेची बाजू. पण त्यामुळे एक खोट मनात शिरली, की डॉक्टर आहे म्हटल्यावर बाकीच्याने फक्त गाडी हाकायची.

शिकवायचं कसं ते मी केलेलं सांगते. खाटकाकडून हाडासकट मांडीचा मोठा तुकडा आणायचा. त्यात बोटभर खोल, तिरका छेद द्यायचा. मागच्या बाजूने सलाइनची नळी आत सरकवायची आणि बाटलीत लाल रंग कालवलेलं पाणी भरून ती उंच धरायची. चिमटा सोडला की छेदातून लाल पाणी भळाभळा यायला लागतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा बदलतो, नुसतं रंगाचं पाणी आहे हे माहीत असूनही.

आमच्या एका तुकडीत पन्नाशीचे एक पायलट होते. आधी एसटीत चालक होते. त्यांनी गॉझचा गठ्ठा केला आणि जखमेच्या तोंडावर ठेवून तळहाताने दाबला. पाणी बाजूने वाहतच राहिलं. मी म्हटलं, काका, वर झाकण ठेवू नका, आत भरा. मग त्यांनी गॉझची लांब पट्टी घेतली आणि एका बोटाने आत ढकलली, त्या बोटावरच दुसरं बोट, परत पहिलं, अशी पट्टी छेदाच्या तळापर्यंत ठासत नेली. भरून वर आल्यावर दोन्ही मुठी त्यावर ठेवल्या, कोपरं ताठ केली आणि अंगाचा भार टाकला. पाणी थांबलं. मी घड्याळ लावलं होतं, तीन मिनिटं. चाळीसाव्या सेकंदाला त्यांनी हात किंचित उचलून बघितलं, थांबलंय का म्हणून. पुन्हा सुरू झालं. सगळेच बघतात, तुम्हीही बघाल. त्या सेकंदाला हात न उचलणं, एवढंच त्या दुपारी शिकायचं असतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मान वर करून छताकडे नजर लावली आणि तीन मिनिटं पूर्ण काढली. घामाने शर्ट भिजला होता.

आता तुमच्या त्या मुलाकडे येते.

क्रम पूर्वी ए-बी-सी असा होता: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. पीएचटीएलएसमध्ये आता त्याच्याही आधी एक एक्स आला आहे. डोळ्यांदेखत माणूस रिकामा होईल असा रक्तस्राव दिसला तर श्वासमार्गाच्याही आधी तो थांबवायचा. तुमच्यासमोर एक्स होता. गुडघ्याच्या वर हाड बाहेर आणि खाली थारोळं असताना गॉझचे गठ्ठे आणि वरून पट्टी पुरत नाही. पट्टी रक्त झाकते, आत ते चालूच राहतं, आणि झाकलेलं असल्यामुळे आपल्याला थांबल्यासारखं वाटतं. त्याला टूर्निकेट हवं होतं, म्हणजे दांडीने पिळून आवळायचा, धमनीतलं रक्त अडवणारा पट्टा. मांडीला, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही. दांडी पिळत जायची, रक्त थांबेपर्यंत आणि पावलाची नाडी लागेनाशी होईपर्यंत. फार दुखतं, जखमी ओरडतो, हात धरतो, सोडा म्हणतो. सोडायचं नाही. वेळ बघायची आणि ती चिकटपट्टीवर ठळक लिहून दिसेल अशी लावायची. दोन तासांच्या आत सर्जनकडे पोहोचला तर पाय सहसा टूर्निकेटमुळे जात नाही. ही भीती आपल्याकडे फार खोल रुजली आहे आणि तिने पायांपेक्षा माणसंच जास्त गमावली आहेत, असं माझं बावीस वर्षांचं मत आहे.

एक ताकीद. शीर फुगवायला दंडाला बांधतो ती रबरी नळी म्हणजे टूर्निकेट नाही. तिने शिरेतून परत जाणारं रक्त अडतं, धमनीतून येणारं चालू राहतं, आणि जखम आधीपेक्षा जास्त वाहते. गाडीत दांडीचं टूर्निकेट नसेल तर लेखी मागणी करा. ते येईपर्यंत चार बोटं रुंदीचा मजबूत पट्टा आणि एक भक्कम दांडकं कायम एकत्र बांधून ठेवा. सुतळी किंवा वायर कधीही नको, ती मांसात रुतते. हाताची जखम असेल तर बीपीचा कफ फुगवूनही काम भागतं, फक्त त्यातून हवा गळते, त्यामुळे नजर काढता येत नाही.

आणि शीर? ती चालत्या गाडीत. मी असं धरते: दोन माणसं लागतात ती कामं रस्त्यावर करा आणि एकट्याने होतात ती गाडीत. गाडी सुटली की पायलट स्टिअरिंगवर गेला, मागे तुम्ही एकटे. हेल्मेट काढायला दोघं लागतात. एकाने डोक्याच्या बाजूला बसून हेल्मेट आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून एक हात जबड्याला आणि एक मानेखाली द्यायचा, मग पहिल्याने हेल्मेटच्या कडा फाकवून ते अलगद ओढायचं. एकट्याने ओढलं तर मान हलतेच. कुशीवर वळवून पाठ बघायला दोघं. टूर्निकेट पिळताना जखम दाबून धरायला दुसरा. हे सगळं जागेवर, आणि दहा मिनिटांत चाकं फिरली पाहिजेत. ऑक्सिजन, सुई, कंट्रोल रूमला फोन, पुन्हा पुन्हा नाडी बघणं, हे मागच्या मागे. घाटाच्या वळणांवर सुई लागत नाही हे मला ठाऊक आहे. नाही लागली तरी चालेल. रक्त थांबवून सुईविना आलेला मुलगा मी आनंदाने घेतला असता.

सलाइनबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आपल्याकडे दोन बाटल्या धो-धो सोडल्याशिवाय उपचार केल्यासारखं वाटत नाही. नातेवाइकांनाही वाटत नाही. सलाइनमध्ये प्राणवायू वाहून नेणारं काही नसतं आणि रक्त गोठवणारंही काही नसतं. उरलंसुरलं रक्त त्याने पातळ होतं, गार होतं, आणि दाब वाढला की जेमतेम धरलेली गुठळी सुटते. मनगटाची नाडी लागते आहे, माणूस तुमच्याशी बोलतो आहे, एवढ्यावर थांबा. लागेनाशी झाली तर २५० मिली द्या आणि पुन्हा बघा. डोक्याला मार असेल तर मात्र हा नियम नाही. तिथे दाब कमी राहू देणं मेंदूला सोसत नाही.

ट्रॅनेक्झामिक ॲसिड, म्हणजे रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारं औषध, तुमच्या प्रोटोकॉलमध्ये आहे का ते बघा. २०१० मध्ये क्रॅश-२ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ४० देशांतले २०,२११ जखमी, त्यात भारतातली रुग्णालयंही होती. मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. वाचायला फरक लहान वाटतो, पण औषध स्वस्त आहे आणि आपल्या गाड्यांवर ठेवता येण्यासारखं आहे. पहिला ग्रॅम दहा मिनिटांत, अपघातापासून तीन तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. तीन तास उलटल्यावर दिलं तर उलट अपाय होऊ शकतो, म्हणून अपघाताची वेळ विचारून घेतल्याशिवाय द्यायचं नाही. कंट्रोल रूमच्या डॉक्टरांकडून आदेश घ्या आणि कागदावर नोंदवा.

आणि एसी बंद करा. कोकणात पावसात भिजलेला जखमी, वर गार सलाइन, वर एसी. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. ओले कपडे कापून काढा, ब्लँकेट घाला. याला कोणताच कोर्स लागत नाही.

तुम्ही 'जवळच्या' रुग्णालयात नेलंत. हे मला सर्वात जास्त बोचलं, कारण इथे चूक तुमची कमी आणि व्यवस्थेची जास्त. रात्री अकराला कुठे सर्जन आहे, कुठे रक्तपेढी उघडी आहे, कुठे भूलतज्ज्ञ घरून पंधरा मिनिटांत येतो, हे तुम्हाला अंधारात ठरवायला लावू नये. पण तोवर हे एक करा. सुट्टीच्या दिवशी तुमच्या टप्प्यातल्या प्रत्येक रुग्णालयात जाऊन सिस्टरांना विचारा. डॉक्टरांना नव्हे, सिस्टरांना. रात्रीची खरी परिस्थिती त्यांना माहीत असते. एका कागदावर उतरवा, आतल्या कपाटाच्या दाराला चिकटवा आणि दर महिन्याला बदला. रक्त थांबलेलं असेल आणि श्वास चालू असेल तर वीस मिनिटं जास्त लागली तरी सर्जनच्या दारात जाणं बरं, हे कंट्रोल रूमला फोनवर ठामपणे सांगायला तो कागद कामी येतो. श्वासमार्ग हाताबाहेर गेला असेल, तर मात्र सर्वात जवळचं दार.

पोहोचल्यावर तीस सेकंदांत सांगायचं आणि सांगून होईपर्यंत स्ट्रेचर सोडायचं नाही. काय झालं, किती वाजता, कुठे लागलंय, नाडी-श्वास-शुद्ध कशी आहे, आपण काय केलं. "दुचाकी-टेम्पो, पावणेअकरा, उजव्या मांडीला उघडा अस्थिभंग, टूर्निकेट अकरा वाजून दोन मिनिटांनी, मनगटाची नाडी १३०, बोलतोय, ट्रॅनेक्झा एक ग्रॅम दिला." एवढंच. पायलटसमोर रोज एकदा म्हणा, तोंडात बसेल.

आणि त्या मोठ्या डॉक्टरांबद्दल. मृत्यूच्या खोलीत, कनिष्ठ माणसाला, लोकांसमोर असं बोलणं चूक होतं. मी त्यांच्या बाजूला बावीस वर्षं उभी होते आणि माझ्याही तोंडून असे शब्द गेले आहेत. एका पहाटे मी एका अशाच गाडीवरच्या मुलाला 'इतका वेळ काय करत होतास' असं विचारलं. त्याने मान खाली घातली. पुढे दोन-तीन वेळा तो आला तेव्हा रुग्ण दाराशी ठेवून, कागदावर सही घेऊन निघून गेला, एक शब्द बोलला नाही. त्यानंतर एका जखमीला आधी फिट आली होती हे मला दोन तासांनी कळलं. तो सांगू शकला असता, पण मी त्याचं बोलणंच बंद केलं होतं. त्याची माफी मी मागितली, फार उशिरा. तुमचे डॉक्टर मागतील की नाही, त्यावर थांबू नका. थोडे दिवस जाऊ द्या, मग त्यांच्याकडे दुपारच्या वेळी जा आणि विचारा: सर, मी आणलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं ते मला महिन्यातून एकदा सांगाल का? ज्याला आपल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते कळतच नाही, तो सहा वर्षांत सहा वर्षांचं शिकत नाही. नकार आला तर तिथल्या एखाद्या रजिस्ट्रारला विचारा. कोणीतरी हो म्हणेल.

बायकोचं म्हणणं उडवून लावू नका. तुम्ही रात्री झोपत नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिने पाहिलेलं असणार. तिला तुमच्या नोकरीचा कंटाळा आलेला नाही, तुमची धास्ती वाटते आहे. तिला ती रात्र पूर्ण सांगा, टॉर्चसकट. सांगितली नसेल असं वाटतं. आणि महिना-दोन महिने झाले तरी झोप येत नसेल, हॉर्न ऐकून छातीत धस्स होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आपण तापाला गोळी देतो तसंच आहे हे. नोकरी सोडायची की नाही ते त्यानंतर ठरवा. सोडलीत तर मी तुम्हाला पळपुटा म्हणणार नाही. राहिलात तर त्या घाटाला टूर्निकेट बांधता येणारा एक माणूस मिळेल. खरं तर दोन.

तो वाचला असता का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्राच्या प्रत्येक ओळीखाली तेच आहे. एका माणसाबद्दल असं उत्तर देता येत नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो 'नक्की वाचला असता' म्हणो की 'तसाही गेलाच असता' म्हणो. १२ मिनिटं गेली हे खरं आहे. ती परत येणार नाहीत हेही खरं आहे. पुढच्या वेळी ती जाऊ नयेत यासाठी एक काम आजच करा. बाजारातून कपाळाला बांधायचे दोन टॉर्च आणा, काहीशे रुपयांत मिळतात. एक तुमचा, एक पायलटचा. चारही हात मोकळे होतील.

आता आईवडील. जा. त्याआधी तुमच्या वरिष्ठांच्या कानावर घाला, कारण पोलीस केस आहे. उपचारांचा पाढा तिथे वाचू नका आणि दोष कोणाचा हेही नको. आपल्या छातीवरचा दगड उतरवून त्यांच्या छातीवर ठेवायला जाऊ नका, ते ओझं त्यांचं नाही. त्यांनी विचारलं तर खोटंही बोलू नका. बहुतेक आईबापांना एवढंच हवं असतं, की शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, त्याला थंडी वाजत होती का, तो काय बोलला. तुम्ही लिहिलंय की तो बोलत होता. काय बोलत होता ते त्यांना सांगा, जसंच्या तसं. ते वाक्य आज फक्त तुम्हा दोघांकडे आहे.

तुम्हा दोघांकडे म्हणते, कारण पायलटनेही ते ऐकलंय. त्यालाही झोप येत नसणार, आणि त्याला तर कोणी काही विचारलेलंच नसेल. जाताना त्याला बरोबर न्या.